गच्चीवरचा कॅमेरा

ताऱ्यांचा फोटो काढायला मी गच्चीवर नवा कॅमेरा लावला आणि शटर चार-पाच मिनिटं उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात खाली कुठला उजेड हलला, तर फोटोत त्याचीही रेघ उमटते.

फोटो निघाला आणि समोरचे सांडूकाका रस्त्यातून ओरडले, "मोनिका! लोकांच्या घरावर कॅमेरा रोखतीस? लाज नाय वाटत?"

पडेगावची आमची गल्ली आधीच पेटलेली. पाण्याच्या दिवशीच कुणीतरी गुपचूप व्हॉल्व्ह बंद करायचं आणि पुढच्या घरांना थेंब मिळायचा नाही. आजही पाण्याचाच दिवस होता. तो चोर सापडत नव्हता, मी आयती सापडले. सगळे आमच्या दारात जमले. शेजारच्या आशाबाईंनी रिकामा हंडा आपटला, "फोडा मेला तो कॅमेरा!"

"ताऱ्यांचा फोटो हाय," मी दातओठ खात म्हणाले.

"अंधारात फोटो निघतो व्हय?" सांडूकाका कुत्सित हसले. "दाखव सगळ्यांना! आशाबाई, आधी तुम्हीच बघा."

मी कॅमेरा आशाबाईंच्या हातात दिला.



फोटोत वर तारे होते आणि खाली, सांडूकाकांच्या फाटकातून निघून व्हॉल्व्हच्या खड्ड्यापर्यंत गेलेली आणि तिथून परत त्यांच्याच फाटकात शिरलेली, मोबाईलच्या टॉर्चची लख्ख पांढरी रेघ.