डावा हात

"बाई, तुम्ही माझा डावा हात रिबिनीने बाकाला का बांधायचात?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून ऋजुताने विचारलंच. चौथीची सगळी मुलं सहा वर्षांनी बाईंच्या अंगणात जमली होती. कोण खडू खायचं, कोण वर्गात घोरायचं, यावर हसत होती. ऋजुताची मात्र चौथीत वाचाच बसली होती. वर्गात पुन्हा तोंड उघडायला दहावी उजाडली.

बाईंनी हातातली भेळ खाली ठेवली. "तुझ्या आईबाबांनीच सांगितलं होतं गं. मुलगी डावरी राहिली तर सासरी नावं ठेवतील म्हणाले. मी ऐकायला नको होतं. रिबीनसुद्धा आईच द्यायची. तिला कळू देऊ नका, आमच्यावर रुसेल, म्हणायची."

तेव्हा रोज संध्याकाळी तीच आई ऋजुताच्या मनगटाला खोबरेल चोळत बाईंना शिव्याशाप द्यायची.

घरी आईबाबा जेवायला खोळंबले होते. ऋजुताने आमटीभातात डावा हात घातला, तशी आई वाढायची थांबली.

"बाईंनी सगळं सांगितलं," ऋजुता म्हणाली. "आजपासून मी याच हाताने जेवणार. तुम्हाला बघवत नसेल तर माझं पान वेगळं मांडा."