झिंकची जागा

ताईने संगणकावरचं चित्र पुन्हा फिरवलं. प्रथिनाच्या खोबणीत मधोमध धातूचा एक अणू, आणि त्याच्यावर तो लाल डाग. तुम्ही मांडलाय तेवढा जड अणू इथे नाही, असं सांगणारा. झिंकऐवजी कॅल्शियम लिहिलं की डाग जायचा. झिंक लिहिलं की हजर. भोवतालचे अणूही झिंकच्या मानाने लांब होते. आणि झिंकभोवती असतात तसे चार नव्हे, चांगले सात.

ती उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. पाणी प्यायली. पुन्हा बसली. प्रथिनाची ही रचना तिनेच सोडवली होती. तिथे झिंकही तिनेच लिहिलं होतं.

सर दारातून डोकावले. "अजून तेच उघडून बसलीस? याच रचनेवरचा नवा लेख एकदा मान्य होऊ दे, मग सावकाश दुरुस्ती पाठवू. कुणाचं काही अडलंय का?"

"नाही सर," ती म्हणाली.

अडलं होतं. भिंतीपलीकडच्या खोलीत. सगळ्या प्रयोगशाळेत जिला धाकटी म्हणत, ती आठ महिने त्याच प्रथिनात झिंक घालत होती आणि ते कामाला लागायची वाट बघत होती. प्रथिन ढिम्म.

ताई गेली तेव्हा धाकटी टेबल आवरत होती. वह्या खोक्यात भरून झाल्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"घरी. कायमची." धाकटी हसली. "पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, वेळा बदलल्या. आता हातच बदलायचे राहिलेत. आई म्हणते, तू नुसतं बघितलंस तरी दूध नासतं. खरंच असेल, ताई. माझ्या हाताला यश नाही."

 ताई फळीपाशी गेली, तिथली कॅल्शियमची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे घालून बघ. तिथे झिंक नाहीच. मी चुकीचं लिहिलं होतं."

 धाकटीने हातमोजे चढवले. बर्फात प्रथिनाची एकच नळी उरली होती. तिने कॅल्शियमचं पाणी केलं, मोजून थेंब घातले, नळी हलवून उभी केली. प्रथिन जागं झालं तर पाणी पिवळं व्हायला हवं. दोघी उभ्या राहिल्या. ताईची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती. तिचं तिलाही कळत नव्हतं.

चौथ्या मिनिटाला नळी पिवळी झाली.

"झालं!" ताई जवळजवळ ओरडलीच. "बघ, झालं! तुझं काही चुकतच नव्हतं गं!"

धाकटीने नळी उजेडात धरली. 

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी." ताईचा आवाज खाली आला. "त्याच दिवशी सरांच्या कानावर घातलं."

"सोडून जायचा अर्ज मी बुधवारी दिला, ताई," धाकटी म्हणाली. "सरांनी उभ्याउभ्या सही केली."

नळीतला पिवळा रंग अजून चढतच होता.