पावडरचा डबा

टीव्हीवाल्यांची गाडी वस्तीत शिरली, तशी रेणुका सुगतला कडेवर घेऊन शेजारच्या सरजाबाईच्या दारात धावत आली. "अक्का, पावडर आसल तर द्या की. तेवढीच ऱ्हायली." पोराच्या हृदयाला छिद्र होतं, पण आज अंगात नवा शर्ट, डोळ्यांत काजळ, डोक्याला तेल. आजारी लेकरांसाठी दरवर्षी देणग्या गोळा करणारा टीव्हीवरचा तो मोठा कार्यक्रम; ज्याचा चेहरा त्यात दिसतो, त्याचं ऑपरेशन आधी. मागल्या साली सरजाबाईनंही आपल्या तशाच आजारी लेकीला असंच नटवलं होतं. पाहुण्यांपुढं लेकरू मळकं कसं न्यायचं? तेव्हा गाडीतल्या बाईनं लेकीचा गालगुच्चा घेतला होता. "गोड आहे हो, पण आजारी वाटत नाही," म्हणाली, आणि गाडी मुखेडकडं निघून गेली होती. आता सरजाबाईनं फळीवरच्या डब्याकडं पाहिलं आणि चुलीतली राख मुठीत घेऊन आली. सुगतच्या गालांना फासली, केस विस्कटले, काजळ अंगठ्यानं खाली ओढलं, शर्ट काढून घेतला. पोरानं भोकाड पसरलं. "अक्का, काय करायलाव हे?" रेणुका किंचाळली. "पुसू नको. रडतंय तवरच ने." गाडीतली बाई लांबूनच खूश झाली. "हाच! असाच धरा त्याला, हलू नका." सरजाबाई आत आली. फळीवरचा डबा रिकामाच होता. त्यातली शेवटची पावडर तिनं लेकीला माती द्यायला नेताना लावली होती.