भिंतीवरचा नेरिओ

आर्जियाने नवऱ्याच्या निधनाचा कागद सकाळीच भिंतीवर चिकटवून घेतला आणि काळे कपडे करून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. इटलीतल्या या फेरारा गावात माणूस गेल्याची खबर भिंत देते. बायको दारोदार सांगत फिरत नाही. निदान आर्जिया तरी फिरणारी नव्हती.

कागदावरचा फोटो तिने स्वतः निवडला होता. तिरकी टोपी, कातरलेली मिशी, डोळ्यांत लबाडी. इस्पितळातला निपचित नेरिओ गल्लीला दाखवायचा नाही, असं तिने छापणाऱ्याला बजावलं होतं. दुसरा चांगला फोटोच नव्हता. हाच फोटो नेरिओने टीव्हीच्या मालिकेवाल्यांनाही दिला होता. मालिकेची सुरुवातच एका मेलेल्या वकिलाच्या कागदाने होते, तो कागद याच भिंतीवर आणि त्यावर हाच नेरिओ. तेव्हा केवढा मिरवला होता! कोपऱ्यावरच्या बारमध्ये स्वतःच्या मरणाच्या नावाने कितीतरी दिवस फुकट प्याला.

गल्लीच्या तोंडाशी शववाहिनी उभी होती. ड्रायव्हर दोनदा येऊन सांगून गेला, की चर्चमध्ये पाद्रीबाबा खोळंबलेत. आर्जिया म्हणाली, थांब. माणसं येतील.

आले ते सायकलवाले.

दगडगोट्यांच्या रस्त्यावरून खडखडत भाड्याच्या पिवळ्या सायकलींची रांग आली आणि भिंतीपाशी थांबली. मालिकेत दाखवलेल्या जागा बघत ही माणसं रोजच गावभर फिरायची. पुढे बोलोन्याची एक बाई होती, तीच त्यांना माहिती सांगायची. हाच तो कागद, ती म्हणाली. नव्या भागांचं शूटिंग चालू आहे, म्हणून ताजा लावलेला दिसतोय. मग सगळे खाली उतरले. मिलानच्या एका दाढीवाल्याने नेरिओच्या गालाला गाल लावून फोटो काढला. खालचं नाव कुणी वाचलं नाही.

गुलाबी हेल्मेटवाली एक बाई आर्जियाला आपादमस्तक न्याहाळत होती.

"सिन्योरा, तुम्ही पण मालिकेत आहात का? अगदी खऱ्या विधवा वाटता."

"आजच लागलेय कामाला," आर्जिया म्हणाली.

बाई खूश होऊन हसली.

तेवढ्यात वाइनेर आला. नेरिओचा जुना सोबती, सायकलच्या दांडीला पावाची पिशवी लटकावलेली. रोज सकाळी बारमध्ये चौघांचा पत्त्यांचा डाव बसायचा, त्यातला हा एक. नेरिओ गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना याच तिघांना सांगून गेला होता, की गुरुवारी माझी खुर्ची मोकळी ठेवा. आज गुरुवार होता. आर्जियाला जरा धीर आला. हा एक आला, म्हणजे बाकीचे दोघेही येणार.

वाइनेरने एक पाय जमिनीला टेकला. भिंतीकडे बघितलं. आणि गालात हसला.

"काय, परत मारला का म्हाताऱ्याला?"

आर्जियाला आता कुठे उमगलं. त्या खोट्या वकिलाचा कागद फाटला, की सायकलवाल्यांसाठी कुणीतरी लगेच नवा लावायचं. तोच फोटो, तीच भिंत. गल्लीने त्या भिंतीकडे बघायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

"नेरिओ गेला, वाइनेर," ती म्हणाली. "मंगळवारी. ऑपरेशन झालं आणि रात्री हृदय थांबलं."

"दर वर्षीच जातो तो," वाइनेर म्हणाला. "तुला पण शिकवून ठेवलं वाटतं त्याने. त्याला म्हणावं, गुडघा नवा बसवलाय, आता लंगडायची सोंगं चालायची नाहीत. मुकाट्याने खेळायला ये."

आर्जियाने हात पुढे केला. त्याच्या सायकलची दांडी धरायची, त्याला खाली उतरवायचं, कागदावरच्या नावावर त्याचं बोट टेकवायचं, एवढंच करायचं होतं. पण मिलानच्या दाढीवाल्याचा फोन आता तिच्यावर रोखलेला होता. गुलाबी हेल्मेटवाली म्हणत होती, गप्प बसा जरा, सीन चालू आहे. परक्यांच्या देखत, भर गल्लीत, माझा नवरा खरंच मेलाय हो, असं पटवत बसणं तिच्याच्याने होईना. तिने हात मागे घेतला.

"पत्ते वाटून ठेवतो," वाइनेर म्हणाला आणि घंटी वाजवत निघून गेला.

ड्रायव्हर तिसऱ्यांदा आला. या वेळी आर्जियाने मान हलवली.

शववाहिनी हळू निघाली. मागे आर्जिया एकटी, पर्स पोटाशी धरून, समोर बघत. पोर नाही, बाळ नाही, भाऊ नाही. मग मागून सायकलींच्या घंट्या वाजल्या. पुढची जागा चर्चचीच आहे, बोलोन्याची बाई सांगत होती. वकिलाचा अंत्यविधी तिथेच दाखवलाय. पिवळी रांग आर्जियाच्या मागे लागली. फोन वर झाले. कुणीतरी पुढच्याला ओरडलं, की पेटी दिसू दे, डोकं खाली घे.

वाटेत कोपऱ्यावरचा बार लागला. काचेमागून वाइनेरने शववाहिनी पाहिली, सायकली पाहिल्या, वर धरलेले फोन पाहिले. त्याने बाकीच्या दोघांना कोपर मारलं. तिघेही उठून दारात आले, टोप्या काढून छातीशी धरल्या आणि मान खाली घालून उभे राहिले. खांदे हसण्याने हलत होते.

आर्जियाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर उघड्या दारातून आत गेली. टेबलावर पत्ते चौघांना वाटलेले होते.