दुखण्याचे वाटे

"तुमच्या नवऱ्याला एकाच भुलीवर नाही सोडायचं," डॉक्टर दिव्यानी गुणाबाईला समजावत होती. "पाठीत एक इंजेक्शन, मांडीतल्या नसेजवळ दुसरं, आणि सलाईनमधून औषध. दुखणं वाटून टाकायचं. मग कुणा एकावर भार येत नाही."

गुणाबाईनं मान डोलावली. "आमचा पुजारीबी असेच वाटे करते, बाई."

दिव्यानीला हसू आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं इतक्या पटकन कुणाला पटत नाही.

गुणाबाईचा नवरा मुखरू हिरड्याच्या झाडावरून पडून नडगी मोडून घेऊन आला होता. हाडात सळई ठोकताना तो खुशाल छताकडे बघत पडला होता. मात्र हातोडीचा ठोका पडला की बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कण्हायचं. असेल कुणी पेशंट, असं दिव्यानीनं मनाशी म्हटलं.

ऑपरेशन आटोपून ती बाहेर आली. व्हरांड्यात गुणाबाई एकटीच होती. भिंतीला टेकलेली, घामानं निथळत. पोटरीवर काळ्या दोऱ्याचे वेढे इतके करकचून आवळलेले, की पाऊल निळं पडलं होतं.

दिव्यानी तिच्यापाशी वाकली. "अहो, पाय जाईल ना तुमचा!" तिनं खिशातली कात्री काढली.

"नोका कापू, बाई! पुजाऱ्यानं बांधला तो. माहा वाटा आहे."

दिव्यानीनं गाठ कापली. वेढे सुटून पडले.

आत मुखरू किंचाळला.

ती धावली. भूल उतरलेली नव्हती. त्याला मुंगी चावलेलीही कळायला नको होती. तिनं आणखी एक औषध दिलं, मग आणखी एक. त्यापुढे देणं म्हणजे श्वासाशी खेळ होता. मुखरूचे डोळे पांढरे व्हायला लागले.

ती व्हरांड्यात परतली, तेव्हा गुणाबाई दोऱ्याकडे सरपटत होती. चेहरा राखेसारखा झालेला. हिनं पुन्हा सारं अंगावर घेतलं तर ही वाचायची नाही, हे दिव्यानीला स्पष्ट दिसलं. आपण काय करतोय याचा विचार न करता तिनं दोरा उचलला आणि स्वतःच्या पोटरीला बांधला.

आतली किंकाळी थांबली. दिव्यानीच्या नडगीत हातोडी बसली आणि ती भिंत धरत खाली बसली.

गुणाबाई जवळ सरकली. दोऱ्याचं मोकळं टोक तिनं आपल्या पायाभोवती घेतलं.

"सारं एकटीनं नोका घेऊ, बाई," ती गाठ मारत म्हणाली. "तुमीच त सांगतलं."