अय्याजला जमलं की ठरलं

"काढा सर, एक तरी चूक काढून दाखवा," प्राध्यापिका निलोफर हसत म्हणाली.

विभागप्रमुख भीमराज सरांनी मान वर केली नाही. ते तिसऱ्या वर्षाच्या प्रेरणाच्या लॅपटॉपसमोर बसून तिच्या गटाचा प्रोजेक्ट तपासत दिसेल ते बटण दाबत होते आणि वेबसाइट सांगितलेलं सगळं मुकाट करत होती. दारव्हा ते यवतमाळ जीपमधली सीट घरबसल्या बुक करायची वेबसाइट. भरल्याशिवाय जागची न हलणारी जीप बुक कोण करणार, हे कुणी विचारलं नाही. काम चोख होतं. आधीच्या गटांचंही तसंच. निलोफरचा आनंद गगनात मावेना.

गेल्या वर्षी याच लॅबमध्ये तिला मान खाली घालावी लागली होती. तिसऱ्या वर्षाची झाडून सगळी मुलं पीएचपी या भाषेतले तयार प्रोजेक्ट विकत घेऊन आली होती. एका गटानं तर पानाच्या तळाशी असलेलं भलत्याच कॉलेजचं नाव खोडायचेही कष्ट घेतले नव्हते. तेव्हाच तिनं ठरवलं, शिकवायचं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभी करायचा सांगाडाच बदलून टाकायचा. दुकानात त्याचा तयार माल मिळता कामा नये आणि राळेगाव-कळंबहून एसटीनं येणाऱ्या पोरांना तो स्वतःच्या हातानं लिहिता यायला हवा.

"मॅडम, पोट्टे तेच हायेत," भीमराज सर तेव्हा म्हणाले होते. "सांगाडा बदलून का होते?"

"सर, एक जरी प्रोजेक्ट विकतचा निघाला, तर हा विषय मी सोडते."

बोलून गेली आणि मग तिलाच धस्स झालं. हा विषय तिचा जीव की प्राण होता. तो गेला तर कॉलेजात तिनं करायचं काय?

म्हणून फ्रेमवर्क तिनं पारखून घेतलं, आणि पारख केली ती घरातच. तिचा धाकटा भाऊ अय्याज बारावीत आपटलेला. बस स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. जेवणं झाली की ती त्याला लॅपटॉपसमोर बसवायची. अँग्युलर नावाचं पहिलं फ्रेमवर्क सुरू करताच त्याला जांभया आल्या. रिॲक्टला तर तो चक्क उठून गेला. जँगो मात्र गड्याला असं काही मानवलं, की आठवडाभरात त्यानं लॉगिनचं पान बनवून दाखवलं. चुकीचा पासवर्ड टाकला की लाल अक्षरं यायची: 'बाजी, चष्मा लाव!' चष्मा कुठेतरी ठेवून घरभर शोधणाऱ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या बाजीला, तो रोज असाच छळायचा. निलोफर पोट धरून हसली. अय्याजला जमलं, म्हणजे कुणालाही जमेल. जँगो ठरलं. वर्षभर तिनं घसा फोडून ते शिकवलं.

"बरं, आता चुकीचा पासवर्ड टाकून पाहू," म्हणत भीमराज सरांनी काहीबाही टाइप केलं.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'बाजी, चष्मा लाव!'

सगळी लॅब खो खो हसली. सरही हसले. "मले बाजी म्हणून राह्यलं का हे?"

निलोफरच्या पायाखालची जमीन सरकली. ती शेजारच्या गटाकडे धावली, त्यांच्या लॅपटॉपवर हाताला येईल ते टाइप केलं. तीच लाल अक्षरं. त्याच्या पलीकडचा लॅपटॉप ओढला. तीच. ते वाक्य तिनं वर्गात कधीच दाखवलं नव्हतं.

"प्रेरणा..." ती मागे वळली. "हे कोणी लिहिलं?"

प्रेरणा गोंधळून गेली. तिनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे.

"तुमाले माहीत नाही, मॅडम? आमाले वाटलं, तुमीच सांगतलं असन. पुऱ्या वर्गाचे प्रोजेक्ट अय्याजभाईनंच तर पैसे घेऊन बनवून देल्ले. म्हणे, 'बिनधास्त न्या. हे फ्रेमवर्क बाजीनं मलेच पाहून निवडलं.'"