दोघांपुरती मोटार

संस्थानं खालसा झाल्यावर कळसाडीच्या चुनीलालने एका राजाची जुनी, वाऱ्यासारखी पळणारी मोटार स्वस्तात घेतली. आत जागा दोघांचीच.

"घरमा इतला लोके, आनि गाडी दोनच जणसनी?" वडील कडाडले.

"स्वस्तामा हाईच भेटनी, बाबा," चुनीलाल खाली मान घालून म्हणाला.

घरात थोरांपुढे बायकोशी बोलायची रीत नव्हती. त्याची बायको जसोदाबाई भाकरी घेऊन मळ्यात आली, तेव्हा परतताना त्याने तिला मोटारीत बसवलं आणि हौसेने अशी दामटली की, बोलणं सुरू होण्याआधीच गाव आलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीत बसताना जसोदाबाई हळूच म्हणाली, "जरा धीरे हाका. घर लवकर ई जास."



तेव्हापासून कळसाडीच्या बैलगाड्या रोज त्या मोटारीला मागे टाकू लागल्या.